संशोधनासाठी स्मृतिपदक सुरू करायचं आहे? पहिल्या बैठकीपासून पदक हातात पडेपर्यंत

लाडके प्राध्यापक जातात. वर्षभरात माजी विद्यार्थी जमतात आणि कुणीतरी म्हणतं, "सरांच्या नावानं एक पदक सुरू करू या." आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पदकाची डिझाइनं फिरायला लागतात आणि सोन्याचं की चांदीचं यावर चर्चा रंगते. पदक कुणाला द्यायचं, कोण ठरवणार, दहाव्या वर्षी पैसे कुठून येणार, हे प्रश्न मात्र कुणी काढत नाही. अशी पदकं दोन-तीन वर्षं दिली जातात आणि मग बंद पडतात. ज्यांच्या नावानं ती सुरू झाली, त्यांच्या आठवणीवर हा अन्यायच असतो.

हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माजी विद्यार्थी संघ असो, तालुक्याचं विज्ञान मंडळ असो किंवा दिवंगत शास्त्रज्ञांचं कुटुंब असो, माझा आग्रह एकच: आधी कागद, मग पैसा, मग माणसं आणि धातू सगळ्यात शेवटी. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत.

पायरी १: पदक कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

"विज्ञान क्षेत्रातील उल्लेखनीय कामगिरीसाठी" या वाक्यात कुणीही बसतं, त्यामुळे निवड समितीला त्याचा काही उपयोग होत नाही. वाक्य असं हवं की ते वाचताच निम्मे लोक आपोआप बाहेर पडावेत. उदाहरणार्थ, "महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिकवत असताना वनस्पतिशास्त्रात केलेल्या मूळ क्षेत्रीय संशोधनासाठी." विषय, प्रदेश आणि कामाचा प्रकार, तिन्ही गोष्टी त्यात आल्या.

छोटं क्षेत्र निवडायला बिचकू नका. मोठ्या सन्मानांची जागा भरलेली आहे. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये विज्ञान विभागांचे अनेक जुने पुरस्कार आवरते घेतले आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर केले. विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम असे त्यांचे चार प्रकार आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये ते पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा टीमचा मान चांद्रयान-३ च्या चमूला मिळाला. त्या पातळीशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पण जिल्ह्याच्या गावी, अपुऱ्या प्रयोगशाळेत, तासिका सांभाळून काम करणाऱ्या माणसापर्यंत ते पुरस्कार क्वचितच पोचतात. त्याच्याकडे बघणारं कुणीतरी हवं.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं उदाहरण माझ्या मनात कायम असतं. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ साली, त्यांना मूळ गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे ते देवळालीला शाळेत शिक्षक झाले. त्यांच्याकडे संशोधनाची पदवी नव्हती, पाठीशी कुठलं विद्यापीठ नव्हतं. तिथूनच त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला आणि तो त्यांच्या नावानं जगभर ओळखला जातो. जगाचं लक्ष त्यांच्याकडे नीटसं गेलं ते १९७५ नंतर. स्थानिक पारितोषिकानं मात्र त्यांना विद्यार्थिदशेतच हेरलं होतं. तुमचं पदक एवढं करू शकलं तरी ते सार्थ झालं.

पायरी २: नाव ठरवा, संमती घ्या

गणितातलं सर्वांत मानाचं पदक सुरू करण्यासाठी झटणारे कॅनडाचे जॉन चार्ल्स फिल्ड्स यांनी स्पष्ट लिहून ठेवलं होतं की या पदकाला कुठल्याही देशाचं, संस्थेचं किंवा व्यक्तीचं नाव जोडू नये. १९२४ च्या टोरोंटोतल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेतून उरलेल्या पैशांतून ही कल्पना उभी राहिली. फिल्ड्स १९३२ मध्ये वारले आणि मृत्युपत्रात त्यांनी आणखी निधी ठेवला. १९३६ मध्ये ऑस्लोला पहिली दोन पदकं दिली गेली. आज सारं जग त्याला फिल्ड्स पदकच म्हणतं! लोक नाव देतातच, त्यामुळे ते आधी विचारपूर्वक ठरवलेलं बरं.

ज्यांचं नाव देणार, त्यांच्या वारसांची लेखी संमती घ्या. नावाचं शुद्धलेखन, आद्याक्षरं, जन्म-मृत्यूची वर्षं त्यांच्याच सहीनं कागदावर घ्या, कारण हीच अक्षरं पुढे धातूत उतरणार आहेत. संमतीपत्रात आणखी एक ओळ हवी: निवडीत कुटुंबाचा सहभाग असेल की नाही. माझं मत विचाराल तर नसावा. कुटुंबानं समारंभाला यावं, पदक त्यांच्या हस्ते दिलं जावं, पण निवडीच्या खोलीत त्यांनी बसू नये.

नावात "राष्ट्रीय", "भारत सरकार" असे शब्द घालण्याचा मोह टाळा. सरकारी आश्रयाचा भास होईल अशा नावांना १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांविषयीच्या कायद्याचा अडसर आहे.

पायरी ३: निधी

रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या विज्ञान संस्थेचं कॉप्ली पदक हे जगातल्या सर्वांत जुन्या विज्ञान सन्मानांपैकी एक. त्याची सुरुवात सर गॉडफ्री कॉप्ली यांनी १७०९ मध्ये ठेवलेल्या शंभर पौंडांतून झाली. मुद्दलाला हात न लावता मिळणाऱ्या उत्पन्नातून प्रयोगांना मदत करायची, अशी ती व्यवस्था होती. १७३१ मध्ये विजेवर प्रयोग करणाऱ्या स्टीफन ग्रे यांना पहिला मान मिळाला, आणि पैशाऐवजी पदक द्यावं ही सूचना आली १७३६ मध्ये. म्हणजे पदक नंतर आलं, निधी आधी होता.

आपल्याकडचा हिशेब साधा आहे. समजा पाच लाख रुपये जमले आणि ७ टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला ३५ हजार हातात येतात. ते सगळे खर्च केले तर दहा वर्षांनीही ३५ हजारच येतील. तोवर धातू, प्रवास, छपाई सगळं महागलेलं असेल. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम करा: व्याजाचा किमान तिसरा हिस्सा मुद्दलात परत जाईल. उरलेल्यात भागत नसेल तर पदक एक वर्षाआड द्या. दर दोन वर्षांनी, पण न चुकता दिलं जाणारं पदक मला केव्हाही जास्त आदराचं वाटतं.

पैसे ठेवायचे कुठे? दोन वाटा आहेत. एक, स्वतःचा न्यास नोंदवणं. महाराष्ट्रात तो १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. मग दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की त्याची नोंद हे सगळं आलं. दुसरी वाट म्हणजे आधीच नोंदलेल्या संस्थेकडे, म्हणजे महाविद्यालय, विद्यापीठ किंवा विज्ञान परिषदेकडे, स्वतंत्र राखीव निधी म्हणून रक्कम सोपवणं. नवख्यांना मी दुसरीच वाट सुचवेन. मात्र करारात चार गोष्टी लिहून घ्या: निधी वेगळ्या खात्यात राहील, दुसऱ्या कामाला वळवला जाणार नाही, दरवर्षी हिशेबाची प्रत देणगीदारांना मिळेल, आणि संस्था बंद पडली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झाली तर पैसे कुठे जातील. देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत मिळेल का, हे सनदी लेखापालाला आधी विचारा. देणग्या गोळा झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

आणि कृपा करून नियमावलीत "दहा ग्रॅम सोन्याचं पदक" असं वजन लिहू नका. सोन्याचा भाव निधीला केव्हा गिळेल ते कळणार नाही. कॉप्ली पदकसुद्धा आज सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचं असतं आणि त्यानं त्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी झालेली नाही.

पायरी ४: नियमावली

दोन पानांत मावेल इतकीच लिहा, पण पुढील प्रश्नांची उत्तरं तिच्यात असलीच पाहिजेत.

काम कोणत्या काळातलं धरायचं? आयुष्यभराचं, की गेल्या पाच वर्षांतलं? दोन्ही एकत्र ठेवलं की सत्तरीतले ज्येष्ठ आणि तिशीतली संशोधक एकाच यादीत येतात आणि समिती दरवर्षी ज्येष्ठांकडे झुकते.

वयाची अट ठेवायची का? फिल्ड्स पदक चाळीशीच्या आतल्यांनाच मिळतं, आणि त्यामागे पुढच्या कामाला बळ देण्याचा हेतू आहे. आपल्याकडे मात्र नुसत्या वयाच्या अटीनं स्त्रियांचं नुकसान होतं. बाळंतपण, बदली, घरातलं आजारपण यांत गेलेली वर्षं त्यांच्या खात्यात उधार पडतात. त्याऐवजी "पीएच.डी. नंतरची दहा वर्षं, रजेचा काळ वगळून" असं लिहा. पीएच.डी. नसलेल्यांसाठी "पहिल्या प्रकाशित कामापासून" असा पर्याय ठेवा. एवढी एक ओळ किती जणींना दार उघडून देते, ते दोन-तीन वर्षांतच अर्जांवरून दिसतं.

एका वेळी किती जणांना? नोबेलच्या नियमांत एक पारितोषिक तिघांपेक्षा जास्त जणांत वाटता येत नाही, फिल्ड्स पदकं एका परिषदेत जास्तीत जास्त चार देतात. आजचं बरंचसं संशोधन गटानं होतं. गटाला पदक देणार असाल तर धातूचं पदक एक, आणि मानपत्र प्रत्येकाला, असा मार्ग सोयीचा पडतो. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचं नाव गटात धरायचं की नाही, हेही लिहा. मी म्हणेन, धरायचं.

मरणोत्तर देणार का? नोबेलनं १९७४ पासून ते बंद केलं. जाहीर झाल्यानंतर मृत्यू झाला तरच अपवाद. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत मात्र २०२५ चं विज्ञान रत्न जयंत नारळीकरांना मरणोत्तर जाहीर झालं. दोन्ही भूमिका रास्त आहेत, पण कोणती घेतली ते आधी लिहिलेलं असावं. नाहीतर एखाद्या सन्माननीय व्यक्तीच्या निधनानंतर भावनेच्या भरात निर्णय होतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला नकार देताना तोंड लपवावं लागतं.

योग्य काम आलं नाही तर त्या वर्षी पदक देणार नाही, हे वाक्य ठळक अक्षरांत हवं. पुढे संशोधनात लबाडी सिद्ध झाली तर पदक काढून घेण्याचा अधिकार हवा, आणि तो कोण वापरणार तेही.

पायरी ५: निवड समिती

पाच जण पुरेत. त्यांतले तीन तुमच्या संस्थेबाहेरचे, आणि किमान दोघं त्या विषयात प्रत्यक्ष संशोधन करणारे. मुदत तीन वर्षं, पण सगळे एकदम बदलू नका. दरवर्षी एक-दोघं बदलले की कामाची आठवणही टिकते आणि कंपूही तयार होत नाही.

शिफारशी मागवताना अर्ज एकच पानाचा ठेवा: कामाचं वर्णन, तीन निवडक प्रकाशनं किंवा पुरावे, आणि त्या कामामुळे काय बदललं ते दहा ओळींत. शंभर शोधनिबंधांची यादी मागवली की माणसं मोजायला लागतात आणि वाचायचं राहून जातं. स्वतःची शिफारस स्वतः करायला परवानगी द्या. काही जणांना ते प्रशस्त वाटत नाही, पण ज्याच्यामागे कुणी बडा मार्गदर्शक उभा नाही, त्याला दुसरा रस्ता नसतो.

समितीतल्या कुणाचा विद्यार्थी, सहलेखक किंवा नातेवाईक यादीत असेल तर त्या नावावरच्या चर्चेच्या वेळी त्यानं बाहेर जायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या.

पायरी ६: मानपत्र

माझ्या लेखी सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी पायरी हीच. पदक कपाटात जातं. कशासाठी दिलं ते सांगणारं वाक्य पुढे छापलं जातं, उद्धृत होतं, चरित्रांत शिरतं.

१८६४ साली रॉयल सोसायटीनं चार्ल्स डार्विनला कॉप्ली पदक दिलं. भूशास्त्र, प्राणिशास्त्र आणि वनस्पतींच्या शरीरक्रियांवरच्या संशोधनासाठी ते होतं. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा ग्रंथ येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि त्यावर इंग्लंडभर वाद पेटलेला होता. अध्यक्ष एडवर्ड सबाइन यांनी भाषणात सांगितलं की हा ग्रंथ पदकाच्या कारणांतून आम्ही मुद्दाम वगळला आहे. डार्विनचे मित्र थॉमस हक्सली भर सभेत उठले आणि निवड करणाऱ्या सोसायटीच्या कार्यकारी परिषदेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणाले, कारण परिषदेनं तसं काही ठरवलेलंच नव्हतं! पुढे छापील भाषणात ते वाक्य बदलून सौम्य करण्यात आलं. एका वाक्यानं एवढं रामायण घडलं, आणि शेवटी कामी आलं ते नीट ठेवलेलं इतिवृत्त.

आइनस्टाइनचंही तसंच. त्यांना १९२१ चं नोबेल मिळालं ते सैद्धान्तिक भौतिकीतल्या कामासाठी, विशेषतः प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी. त्यात सापेक्षतेचा उल्लेख नाही. पुढे, १९२५ मध्ये कॉप्ली पदकाच्या मानपत्रात मात्र सापेक्षता सिद्धान्ताचं नाव स्पष्ट घेतलं गेलं. दोन संस्थांनी त्याच माणसाच्या कामाकडे कसं पाहिलं, ते आज शंभर वर्षांनी आपल्याला या ओळींवरून कळतं.

लिहायचं कसं? "जागतिक कीर्तीचे, थोर, ऋषितुल्य" ही विशेषणं गाळा. काय केलं, कशावर केलं, कसं केलं आणि त्यातून काय कळलं, एवढं सांगा. नमुना म्हणून एक काल्पनिक वाक्य देतो: "कोकणातील जांभ्या खडकाच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींची सलग पाच पावसाळे नोंद करून, त्यांचं बी कोरड्या उन्हाळ्यात कसं तग धरतं हे दाखवल्याबद्दल." हे वाचून दहावीतल्या मुलीलाही कळेल की पदक कशाचं आहे, आणि सत्कारमूर्तींनाही वाटेल की आपलं काम कुणीतरी खरोखर वाचलं. संपूर्ण मानपत्र शंभर-सव्वाशे शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका. छापण्यापूर्वी ते सत्कारमूर्तींना दाखवा. शास्त्रीय चूक त्यांनाच सापडते.

पायरी ७: रचना

आता धातूकडे वळू. पदकाला पुढची आणि मागची अशा दोन बाजू आणि तिसरी कड असते. पुढच्या बाजूला सहसा चेहरा, मागच्या बाजूला विषयाचं चित्र आणि लेख, आणि कडेवर किंवा मागच्या मोकळ्या पट्टीत विजेत्याचं नाव नि वर्ष.

चेहरा एका बाजूनं दिसणारा, म्हणजे नाक-हनुवटीची रेघ दाखवणारा घ्या. समोरून पाहिलेला चेहरा कमी उठावात, म्हणजे चित्र पृष्ठभागावर थोडंसंच वर आलेलं असताना, सपाट होतो आणि ओळखू येत नाही. नोबेल पदकावर एरिक लिंडबर्ग यांनी केलेला आल्फ्रेड नोबेलचा चेहरा असाच एका बाजूनं आहे. फिल्ड्स पदकावर आर्किमिडीज आहे, तोही तसाच. कुटुंबाकडून सरांचा बाजूनं काढलेला फोटो मिळत नसेल तर चेहऱ्याचा हट्ट सोडा. त्यांचं उपकरण, त्यांनी शोधलेलं पान, त्यांच्या हस्ताक्षरातली आकृती यांतलं काहीही चालेल. मला तर हस्ताक्षरातली आकृती जास्त बोलकी वाटते.

देवनागरी लेखाबाबत जरा थांबून सांगतो, कारण पदकं करणाऱ्यांना रोमन अक्षरांची सवय असते. गोलाकार लेखात वरच्या कमानीत शिरोरेघ बाहेर, कडेच्या बाजूला येते. मग वेलांट्या, मात्रा, रफार कडेला भिडतात आणि चेपतात. खालच्या कमानीत अक्षरं सरळ वाचता यावीत म्हणून उलट लावली की शिरोरेघ आत येते आणि उकार कडेला जातात. दोन्हीकडे कडेपासून पुरेशी मोकळी जागा मागा. अक्षराची उंची, मात्रा सोडून, अडीच मिलीमीटरपेक्षा कमी नको. जोडाक्षरं पातळ वळणाच्या फाँटात भरून जातात, म्हणून जाड, मोकळ्या पोटाचं वळण निवडा. शब्द शक्य तितके कमी ठेवा.

दोन गोष्टी वर्ज्य. सिंहमुद्रा वापरू नका. राजमुद्रेच्या गैरवापराला २००५ च्या कायद्यानं बंदी आहे. आणि रुपयाचं चिन्ह किंवा "१०० रुपये" असं मूल्य पदकावर घालू नका. नाणी पाडण्याचा अधिकार फक्त सरकारचा आहे.

मग मुद्रितशोधन. डिझाइन प्रत्यक्ष आकारात छापा, तीन वेगवेगळ्या माणसांना द्या, आणि त्यांतला एक तरी या कामाशी संबंध नसलेला असू द्या. फिल्ड्स पदकावर शिल्पकाराच्या आद्याक्षरांखाली १९३३ हे वर्ष रोमन अंकांत आहे आणि त्यात 'एम'च्या जागी 'एन' पडलेलं आहे. जगातले उत्तमोत्तम गणिती हे पदक घेऊन गेले, चूक तशीच राहिली. साचा कोरला गेला की दुरुस्ती जवळपास नव्या साच्याइतकी महाग पडते.

पायरी ८: घडवणं

बाजारात ढाली-ट्रॉफीवाल्यांकडे मिळणारं बहुतेक पदक हलक्या मिश्रधातूचं ओतीव असतं आणि वर मुलामा असतो. शाळेच्या क्रीडादिनाला ते ठीक आहे. स्मृतिपदकासाठी डायनं, म्हणजे कोरलेल्या पोलादी ठशानं, ठोकलेलं पदक घ्या. आधी शिल्पकार मोठ्या आकारात मातीचा आणि मग प्लास्टरचा नमुना करतो. पूर्वी तो नमुना यंत्रानं लहान करून पोलादात उतरवत. आता संगणकावरच्या त्रिमितीय नमुन्यावरून सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणारं, यंत्र डाय कोरतं. मग धातूची चकती दोन डायच्या मध्ये ठेवून दाब देतात. उठाव जास्त असेल तर एका ठोक्यात भरत नाही. चकती तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची, असं दोन-तीनदा करावं लागतं. मुंबईच्या फोर्टमधली भारत सरकारची टांकसाळ नाण्यांबरोबर पदकंही घडवते. खासगी कारागीरही आहेत. दोन्हीकडे विचारा, आणि आधी केलेली पदकं हातात घेऊन बघितल्याशिवाय काम देऊ नका.

धातू किती लागेल याचा अंदाज स्वतः काढता येतो. ६० मिलीमीटर व्यासाचं आणि सरासरी ४ मिलीमीटर जाडीचं पदक धरलं तर घनफळ ११.३ घन सेंटीमीटर येतं. ब्राँझमध्ये ते सुमारे १०० ग्रॅम, ९२५ च्या (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदीत सुमारे ११७ ग्रॅम, आणि शुद्ध सोन्यात सुमारे २१८ ग्रॅम भरेल. आजच्या भावानं गुणून बघा, म्हणजे सोन्याची चर्चा तिथेच थांबेल. नोबेल पदकसुद्धा १९८० पासून १८ कॅरेटचं आहे, वर शुद्ध सोन्याचा थर, वजन सुमारे १७५ ग्रॅम.

माझी पसंती ब्राँझला, गडद झाक दिलेल्या. उठाव त्यात सर्वांत छान दिसतो, चोराला मोह होत नाही, आणि निधी टिकतो. चांदी घेतलीत तर ती काळी पडते, म्हणून हवाबंद डबी द्या. मुलामा असेल तर नियमावलीत आणि पावतीवर "मुलामा" हाच शब्द वापरा. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेल्या पदकाला सुवर्णपदक म्हणण्याची पद्धत रूढ आहे, पण विज्ञानाच्या पदकानं तरी धातूविषयी खरं सांगावं.

पक्की मागणी देण्याआधी स्वस्त धातूत एक नमुना ठोकून घ्या आणि तिरप्या उजेडात बघा. दराच्या पत्रकात डायचा खर्च वेगळा दाखवायला सांगा, आणि डाय संस्थेच्या मालकीची राहील असं लिहून घ्या. पहिल्याच वेळी पाच-सात पदकं एकदम ठोकून ठेवली तर दर कमी पडतो. नाव दरवर्षी कोरता येतं.

पायरी ९: वेळापत्रक

मागून मोजत या. समारंभ ठरला की त्याच्या सहा आठवडे आधी निवड, त्याच्या दोन महिने आधी शिफारशींची शेवटची तारीख. पहिल्या वर्षी डायसाठी किमान चार महिने जादा धरा. १९०१ मध्ये पहिली नोबेल पारितोषिकं दिली गेली, तेव्हा पदकांचं काम पुरं झालं नव्हतं. विजेत्यांना साध्या धातूतलं तात्पुरतं पदक मिळालं आणि खरं पदक पुढच्या वर्षी.

२८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, बहुतेकांना पहिल्यांदा सुचतो. त्या दिवशी प्रत्येक महाविद्यालयात कार्यक्रम असतो, वक्ते मिळत नाहीत, बातमी येत नाही. ज्यांच्या नावानं पदक आहे त्यांचा जन्मदिवस घ्या, किंवा पावसाळ्यानंतरचा शांत आठवडा. समारंभात विजेत्याच्या व्याख्यानाला चाळीस मिनिटं राखून ठेवा आणि पाहुण्यांच्या भाषणांना सगळी मिळून पंधरा. विजेत्याचं काम ऐकायला मुलं आली पाहिजेत, त्यासाठी जवळच्या शाळा-महाविद्यालयांना महिनाभर आधी पत्र द्या.

पायरी १०: नोंदवही आणि जपणूक

बांधीव नोंदवहीत प्रत्येक पदकाला एक पान: क्रमांक, वर्ष, नाव, मानपत्राचा पूर्ण मजकूर, पदकाचं वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, समितीची नावं, विजेत्याची सही. तीच माहिती संगणकावर दोन ठिकाणी.

पदक हरवलं किंवा चोरीला गेलं तर काय, याचाही नियम हवा. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं, तेव्हा माक्स फॉन लावे आणि जेम्स फ्रांक या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदकं नील्स बोर यांच्या संस्थेत ठेवलेली होती. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा तेव्हा गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली. तिथले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी ती आम्लराजात, म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळवली आणि द्रावणाची बाटली फळीवर तशीच राहू दिली. युद्धानंतर त्यातलं सोनं परत काढून नोबेल प्रतिष्ठानानं पदकं पुन्हा ठोकून दिली. २०१८ मध्ये रिओ दि जानेरोत गणिती कौचर बिरकार यांचं फिल्ड्स पदक मिळाल्यानंतर काही वेळातच चोरीला गेलं, त्यांनाही काही दिवसांत दुसरं देण्यात आलं. दोन्ही वेळा हे शक्य झालं, कारण दिल्याची नोंद आणि पुन्हा देण्याची सोय शाबूत होती. तुमच्याकडे नियम असा ठेवा: पोलिसांतली तक्रार आणि लेखी अर्ज आल्यावर, धातूचा खर्च घेऊन, मागच्या बाजूला "दुसरी प्रत" असं बारीक कोरून एकदाच पदक मिळेल.

डाय तेल लावून, मेणकागदात गुंडाळून, संस्थेच्या तिजोरीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. गंज चढलेली डाय म्हणजे नवा खर्च. लॉकर दोन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त नावानं घ्या, त्याची पावती नोंदवहीच्या पहिल्या पानाला चिकटवा, आणि पदाधिकारी बदलले की नोंदवही, किल्ली, करार आणि बँकेचं पासबुक या चार वस्तू मोजून, सही घेऊन नव्या माणसाच्या हाती द्या.